फळीवरचं वेटोळं

सून : बाबा, आधी टेबलावरचा हात काढा. टेबल हललं की नळी हलते.

सासरे : टेबल कुठे हलतंय? मी हलतोय. उगाच टेबलाला बोल लावू नकोस.

सून : तेच मी जरा गोड शब्दांत सांगत होते.

सासरे : लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझे गोड शब्द ऐकतोय. घे, काढला हात. मांडीखाली दाबून बसतो. आता झालं समाधान?

सून : झालं. आता ठरलंय काय ते एकदा बोलून टाका. नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' नको.

सासरे : पोरी, मी काय लहान आहे?

सून : बोला.

सासरे : नळीत रंग सोडायचा. सगळा रंग एकत्र बाहेर पडला, तर हे काचेचं वेटोळं तुझ्या लॅबमध्ये जाणार आणि माझं काच तापवून वळवायचं काम चालू राहणार. रंग मागे रेंगाळला, तर गॅसचा नळ बंद. कायमचा. आणि मी म्हातारा होऊन व्हरांड्यात बसणार.

सासू : बसायला खुर्ची आणून ठेवलीय मी. दोन महिने झाले. मांजर बसतं त्यावर.

सासरे : ऐकलंस? स्वयंपाकघरात आहे, पण कान इथे.

सासू : कान इथे ठेवावेच लागतात. मागच्या वेळी बाही पेटली तेव्हा कानानेच कळलं. वास यायच्या आधी तुमची शिवी ऐकू आली.

सून : आई, आता नका ना. त्यांनी कबूल केलंय. एक काम जमलं तर करतील, नाही जमलं तर सोडतील.

सासू : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे बघ. पण तू म्हणतेस तर बघू.

सून : बाबा, ती बारीक ज्योत कशाला चालू ठेवलीत? आत्ता काही तापवायचं नाहीये.

सासरे : असू दे. तिचा काय त्रास आहे तुला?

सून : त्रास काही नाही.

सासरे : मग असू दे.

सून : बरं. आधी ही सरळ नळी बघा. तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच भोकाची. पंप चालू केला. आता मागून एक थेंब रंग सोडते. बघत राहा.

सासरे : गेला. अरे, हा तर जिभेसारखा लांब होत चाललाय.

सून : मधलं पाणी पुढे पळतं. काठाला लागलेलं काचेला धरून राहतं. पाणी शांत वाहत असलं की थर आपापल्या जागेवरून सरकतात, एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून मधला रंग ठरलेल्या वेळेच्या अर्ध्यातच बाहेर पडतो, आणि काठाचा... बघा, अजून तिथेच आहे.

सासरे : सगळं पाणी एकाच पंपाने ढकललेलं, तरी?

सून : तरी. आणि आम्हाला नळीत पाणी नसतं सोडायचं, औषध सोडायचं असतं. गरम पाण्याच्या टाकीत नळी बुडवायची आणि तिच्यातून जाता जाता औषध तयार व्हायचं. मधलं लवकर पळालं तर कच्चं राहतं. काठाचं अडकून राहिलं तर करपतं. आणि बाटलीत दोन्ही एकत्र पडतं.

सासू : मग ढवळायचं नाही का मध्ये?

सून : आई, नळीत पळी कशी घालणार?

सासू : ते तुम्ही शिकलेल्यांनी बघायचं.

सून : बघितलंय ना. वेटोळं हीच पळी. गाडी जोरात वळली की आपण बाहेरच्या अंगाला कलंडतो, तसं मधलं जोरातलं पाणी वळणावर बाहेरच्या भिंतीकडे ढकललं जातं. मग भिंतीपाशी होतं ते कडेकडेने आत येतं. प्रत्येक वेढ्यात हे चालूच. मधलं कायम मधे राहत नाही, काठाचं कायम काठाला राहत नाही. त्यामुळे आत गेलेलं सगळं जवळपास एकाच वेळी बाहेर येतं.

सासरे : गंमत आहे. मी जन्मभर वेटोळी घातली आणि मला वाटायचं, तुम्हा लोकांची टेबलं लहान असतात. जागा वाचावी म्हणून गुंडाळून मागता.

सून : तेही असतं.

सासरे : उगाच माझं मन राखू नकोस. चल, आता माझं लाव.

सून : लावलं. ही नळी इथे, ही इथे. ही मधली पट्टी कशासाठी बांधलीय?

सासरे : आधार आहे. वेटोळं लांब झालं की मधे वाकतं.

सून : आधी कधी बांधायचा नाहीत.

सासरे : आधी कधी इतकं लांब मागितलं नव्हतंस.

सून : मागितलं होतं. एकदा.

सासरे : रंग सोड पोरी. मांडीखाली हाताला मुंग्या आल्या.

सून : सोडला. बघा, बघा बाबा. किती एकत्र चाललाय. सरळ नळीत शेपूट लांबलं होतं, इथे बघा, एवढासा तुकडा. वेढ्यामागून वेढा, अंतर जराही कमीजास्त नाही. हे तुम्ही घातलंत? ह्या हातांनी?

सासरे : सकाळी हात बरा असतो.

सून : मी उगाच धास्तावले होते. काल रात्रभर विचार करत होते की तुम्हाला कसं सांगायचं. आई, या बघायला. बाबांनी बाजी मारली.

सासू : पूर्ण निघू दे आधी. मग येते.

सून : पट्टीच्या पलीकडे मात्र... इथून वेढे थोडे ओबडधोबड आहेत. हा मोठा, हा लहान.

सासरे : दमलो असेन.

सून : एकदम इतके? अलीकडचा शेवटचा वेढा बघा आणि पलीकडचा पहिला बघा.

सासरे : दम काय सांगून लागतो? वेढ्यांच्या मापाने बिघडतं का काही?

सून : थोड्याने नाही बिघडत. रंग पोचला शेवटाला. पडतोय भांड्यात. वेळही बरोबर आली.

सासरे : निघाला की मग. दे टाळी.

सून : थांबा.

सासरे : आता काय?

सून : पाणी स्वच्छ व्हायला हवं होतं एव्हाना. अजून फिकं गुलाबी येतंय.

सासरे : येईल स्वच्छ. पंप जरा हळू कर, सावकाश धुऊन निघेल.

सून : हळू केला तर वळणाचा जोरच लागत नाही. मग वेटोळं असून नसल्यासारखं. बाबा, हे थांबत का नाहीये? घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. अलीकडचे सगळे वेढे स्वच्छ आहेत. आरपार दिसतंय. शेवटचे पण... रंग पट्टीच्या आतून येतोय. पट्टी सोडू का?

सासरे : सोडू नकोस. आधार जाईल, तडा जाईल.

सून : मी हाताने धरते ना.

सासरे : नको म्हटलं ना.

सासू : अहो, आतल्या खोलीतल्या फळीवरून त्याचं वेटोळं कुणी काढलं?

सून : कुठलं वेटोळं, आई?

सासू : त्याचं, पोराचं. अर्धवट राहिलेलं. परवा पाहुणे होते, काल पाठ धरली होती, म्हणून दोन दिवस फडका मारला नाही. आत्ता मारायला गेले तर फळी रिकामी. मला वाटलं, फुटलं आणि तुम्ही दोघं माझ्यापासून लपवताय. फुटलं का? खरं सांगा.

सून : बाबा.

सासरे : फुटलेलं नाही.

सासू : मग कुठे आहे?

सून : बाबा, मी पट्टी सोडतेय.

सासरे : सोड.

सून : हा जोड आहे. इथे दोन वेटोळी जोडलीत. अलीकडचं त्याचं आहे.

सासू : काय म्हणालीस?

सून : आई, बसा जरा. हे इथून इथपर्यंत आहे ना, ते फळीवरचं. पुढचं बाबांनी घालून त्याला जोडलंय.

सासू : विचारलंत मला?

सासरे : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

सासू : म्हणून विचारलं नाहीत.

सासरे : हो. म्हणून नाही विचारलं.

सासू : दोन वर्षं मी त्याला फडक्याशिवाय काही लावलं नाही. ओला फडकासुद्धा नाही. त्याच्या बोटांचे ठसे असतील तर राहू देत म्हणून. आणि तुम्ही ते उचलून आगीत धरलंत?

सासरे : नुसतं टोक धरलं. जोडापुरतं.

सासू : त्या दिवशी सकाळी अंगात ताप होता, तरी बसला होता त्या ज्योतीपुढे. मी म्हटलं, ठेव ते. तर म्हणाला, संध्याकाळी पुरं करतो. संध्याकाळी दवाखान्यात होता, आणि तिथून आलाच नाही. ते वेटोळं पुरं करायचं होतं त्याला. तुम्हाला नव्हे.

सासरे : मला माहीत आहे.

सासू : काही माहीत नाही तुम्हाला. स्वतःचा हात चालत नाही म्हणून त्याचा हात वापरलात. आणि हिला दाखवलंत की मी घातलं.

सून : मला पहिल्याच वेढ्याला कळायला हवं होतं. मी बाबांची तारीफ करत सुटले.

सासरे : तू त्याचीच केलीस. ऐकायला बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

सासू : लाज नाही वाटली?

सासरे : वाटली. पण त्याहून भीती जास्त वाटली. अगं, तीन वेळा घालून बघितलं मी. प्रत्येक वेळी मध्यावर आलं की हात उडायचा आणि नळी चपटी व्हायची. अर्धं जमतं मला. पुरं नाही जमत. आणि फळीवर नेमकं अर्धं पडलेलं. त्याच मापाचं. हिनेच तेव्हा मागितलं होतं त्याच्याकडे.

सून : हो. मीच मागितलं होतं.

सासरे : मग वाटलं, दोन अर्धी जोडली तर कुणाचं काय जातं?

सासू : माझं गेलं. घरात तेवढीच एक जागा होती माझी, त्याच्याशी बोलायची. तुम्ही माझी फळी मोडून तुमची ज्योत पेटवलीत.

सासरे : मलाही एकच जागा आहे.

सासू : कुठली?

सासरे : ही. सकाळी काडी लावली आणि ज्योत निळी झाली की तो शेजारच्या स्टुलावर असतो. बोलत नाही काही. तसाही बोलायचा कुठे? नळी फिरवत बसलेला असतो. घरात बाकी कुठेच नसतो तो. जेवायला बसलो तरी नसतो, झोपलो तरी नसतो. म्हणून काम नसलं तरी ती बारीक ज्योत ठेवतो मी. गॅस बंद केला म्हणजे तो गेलाच.

सासू : हे कधी बोलला नाहीत.

सासरे : तू तरी कुठे बोललीस फळीचं? मला वाटायचं, तुला धुळीचं वेड आहे.

सून : आई, बाबा, मी काय म्हणते ते ऐका. फार थोडा रंग आहे हा. मी पट्टी होती तशी परत बांधते. लॅबमध्ये पोचलं की सरळ टाकीत जाईल, कुणी उघडून बघत नाही. पास झालं म्हणून मी लिहून देते. बाबांचं काम चालू राहील. आणि त्याच्या हातचं... त्याच्या हातचं वेटोळं शेवटी ज्याच्यासाठी घातलं होतं तिथे जाईल. मलाही ते हवंय. मीही त्याची कुणीतरी होते ना?

सासरे : का रेंगाळतोय तिथे?

सून : राहू द्या आता.

सासरे : मला समजलं पाहिजे. का रेंगाळतोय?

सून : जोड आतून फुगलाय. वाहतं पाणी मधून निघून जातं आणि फुगीर भागात थोडं पाणी कोपऱ्यात अडकून गरगरत राहतं. ना मागे, ना पुढे. त्यातून थोडं थोडं सुटत राहतं.

सासरे : जोड देताना एक फुंकर जास्त मारायची म्हणजे काच जाड आणि पक्की बसते. माझ्या गुरूने शिकवलं, मी त्याला शिकवलं. चंबूला, बाटलीला, सगळ्याला तसाच जोड देत आलो. कधी एक जोड सुटला नाही माझा.

सून : हाही सुटणार नाही, बाबा. मजबूतच आहे.

सासरे : पण इथे नको होता.

सून : इथे नको होता.

सासरे : मग त्या फुगवट्यात औषध अडकलं तर?

सून : करपेल. थोडंसं.

सासरे : आणि बाटलीत पडेल.

सून : थोडंसंच.

सासरे : ते घेणार कोण?

सून : माहीत नाही. कुणीतरी आजारी माणूस.

सासरे : तापाचं कुणी?

सून : बाबा, असं नका विचारू.

सासरे : तूच सांगितलंस ना मघाशी, कच्चं आणि करपलेलं एकाच बाटलीत पडतं. मग आता पट्टी बांधायची भाषा करतेस? माझ्यासाठी?

सून : तुमच्यासाठी. त्याच्यासाठी. मलाच कळत नाहीये कुणासाठी.

सासू : ए पोरी. रंग त्याच्या भागात आहे का?

सून : नाही, आई. त्याच्या भागात काडीचा रंग राहिला नाही. बघा ना. काच आहे की नाही तेसुद्धा दिसत नाही.

सासू : मग पलीकडे?

सून : पलीकडेही बरा आहे. फक्त जोडात.

सासरे : जोड माझा आहे.

सून : कापून वेगळं करता येईल का? त्याचं तेवढं फळीवर परत ठेवू.

सासरे : कापायला ज्योत लागते. ज्योतीपुढे हात स्थिर लागतो. आणि मी एकदा त्याला हात लावला तेवढं पुरे झालं. पुन्हा नाही लावणार.

सून : दुसऱ्या कुणाकडून?

सासू : कुणी नको. परक्याचा हात नको त्याला. राहू दे असंच.

सासरे : फळीवर मावणार नाही असं.

सासू : फळी वाढवता येते. तुम्हाला तेवढा तरी सुतारपणा जमेल.

सासरे : हात थरथरतो माझा.

सासू : मी धरीन फळी. तुम्ही ठोका. बोटावर बसला हातोडा तर बसला.

सून : मी लॅबमध्ये सांगते, यापुढे दुसरीकडून मागवा.

सासरे : सांग. आणि सांगताना रडू नकोस. उगाच तुझ्या मॅडमना वाटेल, म्हातारा मेला.

सून : बाबा, आजच बंद करायला पाहिजे असं नाही. उद्या, परवा... आपल्या घरातलीच तर गोष्ट आहे.

सासरे : ठरलं म्हणजे ठरलं. मघाशी तूच बोलून घेतलंस माझ्याकडून. सर जरा, नळ तुझ्या मागे आहे.

(गॅसचा नळ फिरवल्याचा आवाज. ज्योत विझते.)

सासू : किती शांत झालं. ती सुरसुरते हे आता कळलं, बंद झाल्यावर.

सासरे : मला रोज कळायचं.

सासू : या इकडे. त्या स्टुलावर बसा.

सासरे : ते त्याचं आहे.

सासू : म्हणूनच म्हणतेय. बसा.

सून : मी पंप बंद करते. पाणी वाया चाललंय.

सासू : थांब. इतकी वर्षं तो ही असली भेंडोळी घालायचा आणि मी म्हणायचे, काय हे काचेचे खेळ. यातून काही जातं, कसं जातं, कधी बघितलंच नाही. फळीवरचं तर कोरडंच होतं. आज पहिल्यांदा त्यात पाणी गेलं, तेव्हा मी आत भांडी घासत होते.

सून : परत रंग सोडू का, आई?

सासू : उरलाय का?

सून : आहे एक थेंब. ही बघा त्याच्या वेटोळ्याची सुरुवात. इथे नजर ठेवा. सोडला.

सासू : हा बघ, हा... किती नीट चाललाय गं. घाई नाही, गडबड नाही. चालायचाही असाच. अहो, बघताय ना?

सासरे : बघतोय.

सून : पंप कधी बंद करू, आई?

सासू : जोडापर्यंत जाऊ दे. मग कर.